मावशीचे पट्टे, भाच्याचे पट्टे

आमच्या सोसायटीच्या कुंपणाच्या भिंतीवर एक काळी मांजर बसते. थंडीच्या दिवसांत, साडेआठच्या सुमारास ऊन तिरपं येतं तेव्हा तिच्याकडे नीट बघावं. कुशीवरचा काळा रंग किंचित विटतो, चॉकलेटी झाक मारू लागतो, आणि त्या झाकेत त्याहून गडद रेघा उमटतात. पाठीच्या कण्यापासून पोटाकडे उतरणाऱ्या, एकमेकींपासून बोटभर अंतरावर. ऊन डोक्यावर आलं की रेघा गायब. पुन्हा काळीकुट्ट मांजर, जिला आडवी जाताना बघून आमचे एक शेजारी अजूनही स्कूटर थांबवतात.

या प्रकरणात सांगायचं आहे ते त्या रेघांवरूनच सुरू होतं. पट्टे सगळ्याच मांजरांना असतात. काळीला असतात, पांढरीलाही असतात. करड्या मांजरीच्या अंगावर ते उघडे दिसतात, म्हणून आपण फक्त तिला पट्टेरी म्हणतो.

त्यासाठी आधी एक केस हातात घेऊ. करड्या पट्टेरी मांजरीचा केस मिळायला फार शोधाशोध करावी लागत नाही. घरात मांजर असेल तर तो सतरंजीवर, उशीवर, नाहीतर आमटीत सापडतो. पांढऱ्या कागदावर ठेवून भिंगातून बघा. टोक काळं, त्याच्याखाली पिवळसर आडवी पट्टी, त्याच्याखाली पुन्हा गडद. एकाच केसावर दोन रंग आलटून पालटून. सशाच्या किंवा रानउंदराच्या अंगावरही असेच केस असतात आणि लांबून त्यांचा मिळून एक मातकट, नजरेला न टोचणारा रंग होतो. दक्षिण अमेरिकेतल्या अगौटी नावाच्या एका कुरतडणाऱ्या प्राण्यावरून अशा केसाला अगौटी केस म्हणतात.

केसाच्या मुळाशी रंग बनवणाऱ्या पेशी असतात आणि त्यांच्याकडे दोनच रंगद्रव्यं असतात: एक काळं-तपकिरी, दुसरं पिवळं-तांबूस. केस वाढत असताना अगौटी जनुकाचं प्रथिन मध्येच काही काळ तयार होतं आणि रंगपेशीला सांगतं, काळं थांबव, पिवळं दे. पेशी ऐकते. प्रथिन संपलं की पुन्हा काळं. जात्यात मूठ बदलली की पिठाचा रंग बदलावा तसं. एरवी गडद पट्ट्यातल्या केसांमध्ये ही पिवळी पट्टी जवळजवळ नसतेच, आणि दोन पट्ट्यांमधल्या जागेतल्या केसांत ती ठळक असते. सगळ्या पट्टेरीपणाचं मूळ एवढ्याच फरकात आहे.

आता काळ्या मांजरीचं काय झालं? तिच्या अगौटी जनुकातली दोन अक्षरं गळाली आहेत. डीएनएच्या लिपीतली दोनच अक्षरं, पण त्यामुळे पुढचं सगळं वाक्य निरर्थक झालं आणि ‘काळं थांबव’ हा निरोपच बंद पडला. हा बिघाड 2003 साली सापडला. आईकडून आणि वडिलांकडून, दोन्हीकडून अशी बिघडलेली प्रत मिळाली तरच पिल्लू काळं होतं. पट्ट्यांमधली मोकळी जागाही काळ्याने भरून गेली, पण ज्या कातडीवर पट्टे आखले होते ती आखणी तशीच राहिली. पट्ट्यातला काळा किंचित दाट, बाहेरचा किंचित विरळ. तिरप्या उन्हात दिसतो तो हा फरक. काळ्या बिबट्याची गोष्टही हीच आहे: त्याच्याही अगौटी जनुकात खोट आहे, आणि कर्नाटकातल्या काबिनीच्या जंगलात काढलेल्या त्याच्या चांगल्या छायाचित्रांत अंगावरची ठिपक्यांची फुलं काळ्यावर काळी, स्पष्ट मोजता येतात.

करड्या मांजरांचे पट्टे मात्र सगळे एका जातीचे नसतात. सर्वात जुनी आणि साधी आखणी म्हणजे कण्यावरून एक गडद रेघ आणि तिच्यापासून दोन्ही कुशींवर उतरणाऱ्या बारीक उभ्या रेघा. पाश्चात्त्य मांजरप्रेमी हिला बांगडा म्हणतात, मॅकरेल. कोकणी माणसाला हे नाव कोड्यात टाकेल, कारण आपल्या बांगड्याच्या पाठीवरच्या रेघा डोक्याकडून शेपटीकडे आडव्या जातात. नाव पडलं ते अटलांटिकच्या बांगड्यावरून. त्याच्या पाठीवर नागमोडी पट्टे उभे उतरतात, अगदी मांजरीसारखे. मालवणात हे नामकरण झालं असतं तर मांजरीला दुसरा कुठला तरी मासा मिळाला असता.

दुसऱ्या आखणीत रेघा रुंद होऊन एकमेकींत मिसळतात, वळसे घेतात. कुशीवर चक्रव्यूहासारखं एक वेटोळं आणि खांद्यांवर वरून बघितलं तर पंख पसरलेलं फुलपाखरू. इंग्रज या आखणीला अभिजात म्हणतात, जरी वयाने ती खूप धाकटी आहे. ते पुढे येईल. तिसरीत रेघा तुटून ठिपके होतात. चौथीत अंगावर पट्टा असा दिसतच नाही, प्रत्येक केस अगौटी, सगळं अंग वाळूसारखं. अॅबिसिनियन जातीची मांजर अशी असते. पण तिच्याही कपाळावर आणि डोळ्यांच्या कोपऱ्यांपासून गालांवर रेघा राहतातच.

त्या कपाळावरच्या रेघांचं बहुतेक पट्टेरी मांजरींत मिळून रोमन लिपीतलं एम हे अक्षर होतं. युरोपात त्याची गोष्ट सांगतात: गोठ्यात बाळ येशू थंडीने कुडकुडत होता, मांजरीने त्याला ऊब दिली, मेरीने कृतज्ञतेने तिच्या कपाळावर आपलं आद्याक्षर उमटवलं. सेतू बांधताना वाळू वाहणाऱ्या खारीच्या पाठीवरून रामाने बोटं फिरवली आणि तीन रेघा उमटल्या, हे लहानपणी ऐकलेल्या माणसाला ही गोष्ट परकी वाटायचं कारण नाही. पट्टा दिसला की माणसाला त्यामागे कोणाचा तरी हात दिसतो.

टॅबी हा इंग्रजी शब्द मात्र देवाकडून नाही, कापडबाजारातून आला. बगदादमध्ये अत्ताबिया नावाची वस्ती होती. तिथे विणल्या जाणाऱ्या रेशमी कापडाला अत्ताबी म्हणत. कापड युरोपात गेलं, फ्रेंचांनी त्याचं ताबी केलं, इंग्रजांनी टॅबी. पाण्यावर तरंग उठावेत तशी लहर असलेलं ते रेशीम सतराव्या शतकात तिकडच्या उच्चभ्रूंच्या अंगावर होतं, आणि त्याच शतकाच्या अखेरीला ते नाव मांजरीला चिकटलं. आज ते कापड कोणाला आठवत नाही.

हे पट्टे आखतो कोण, हा प्रश्न जीवशास्त्रज्ञांच्या आधी एका गणितज्ञाने हाताशी घेतला. अॅलन ट्युरिंग. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांची सांकेतिक लिपी फोडण्यात ज्याचा मोठा वाटा होता तोच. 1952 साली त्याने मांडलं, की एकसारख्या पसरलेल्या पेशींत दोन रसायनं असतील, एक स्वतःला वाढवणारं आणि दुसरं त्याला दाबणारं, आणि दाबणारं जर जास्त वेगाने दूर पसरत असेल, तर कोणी काही न आखताही ठिपके आणि पट्टे आपोआप उभे राहतील.

आठवडी बाजाराचं उदाहरण घ्या. एका गावात बाजार भरू लागला की आणखी विक्रेते तिथेच येतात, बाजार फुगतो. पण तो फुगतो म्हणूनच आजूबाजूच्या पाच-सहा गावांत दुसरा बाजार टिकत नाही. गिऱ्हाईक सगळं इकडे ओढलं गेलेलं असतं. त्या ओढीच्या पलीकडे गेलं की पुन्हा एक गाव बाजाराचं. तालुक्याचा नकाशा वरून बघितला तर बाजार साधारण सारख्या अंतरावर ठिपक्यांसारखे दिसतील. असं अंतर कोणी ठरवलेलं नसतं.

मांजरीच्या पोटातल्या गर्भात हे खरोखर घडताना सापडलं ते 2021 मध्ये. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातले ग्रेगरी बार्श, ख्रिस्तोफर केलिन आणि त्यांचे सहकारी बरीच वर्षं या मागे होते. गर्भ त्यांना मिळाले ते भटक्या मांजरांची नसबंदी करणाऱ्या दवाखान्यांतून. गाभण मांजरी शस्त्रक्रियेला येतात, आणि एरवी जे फेकलं गेलं असतं ते प्रयोगशाळेत गेलं. त्यांनी बघितलं, की गर्भाच्या अंगावर एकही केस नसताना, रंगपेशींचं काम सुरू होण्याआधी, कातडी कुठे जाड तर कुठे पातळ होते, आणि जाड-पातळाची ही नक्षी म्हणजेच पुढच्या पट्ट्यांची नक्षी. जाड होणाऱ्या जागी डीकेके4 नावाचं जनुक जागं झालेलं असतं. त्याचं प्रथिन हे दाबणाऱ्या जातीचं. ट्युरिंगच्या गणितातली दुसरी बाजू. अॅबिसिनियन मांजरीत हेच जनुक बिघडलेलं निघालं, म्हणून तिच्या अंगावर पट्टा उमटत नाही.

कातडीची ही नक्षी नंतर मोडते, पण प्रत्येक जागा आपण पट्ट्यातली की पट्ट्याबाहेरची हे लक्षात ठेवते. केस गळतात, नवे येतात, मांजर तळहाताएवढी होती ती उशीएवढी होते. पट्टे रुंद होतात, पण त्यांची संख्या वाढत नाही आणि ते जागाही सोडत नाहीत. समुद्रातल्या काही एंजलफिशचं याच्या उलट आहे: मासा वाढला की जुन्या पट्ट्यांच्या मध्ये नवे पट्टे फुटतात, म्हणजे त्यांच्या कातडीत तो बाजार जन्मभर भरत राहतो.

शेपटीबद्दल एक गंमत सांगून पुढे जातो. जेम्स मरे या गणितज्ञाने ट्युरिंगची समीकरणं प्राण्याच्या आकारावर बसवून बघितली, तेव्हा त्याला दिसलं, की निमुळत्या नळीसारख्या जागेत ठिपक्यांना फिरायला वाव नसतो, तिथे कडीच होते. म्हणून अंगावर ठिपके आणि शेपटीवर कडी असलेला प्राणी चालतो. चित्ता तसाच आहे. अंगावर पट्टे आणि शेपटीवर ठिपके असलेला प्राणी गणिताला मंजूर नाही. पुढच्या खेपेला प्राणिसंग्रहालयात गेलात तर तपासायला हरकत नाही.

आता वेटोळ्यांच्या मांजरीकडे. तिच्यामागचं जनुक याच मंडळींनी 2012 मध्ये शोधलं होतं, नाव टॅकपेप. ते नीट चालत असेल तर बांगडा, दोन्ही प्रती बिघडल्या तर वेटोळी. आफ्रिकेत 1920 च्या दशकात एक विचित्र चित्ता सापडला होता, ठिपके एकत्र होऊन काळे ढब्बे झालेला आणि पाठीवर लांब जाड पट्टे असलेला. ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ पोकॉक यांनी 1927 मध्ये त्याला चक्क वेगळी प्रजाती ठरवून राजचित्ता केलं. पण 1981 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या एका प्रजनन केंद्रात साध्या ठिपक्यांच्या आईबापांना राजचित्ता झाला आणि प्रजाती बुडाली. त्याचंही टॅकपेप बिघडलेलं निघालं. साध्या मांजरीच्या वेटोळ्यांत आणि त्या राजेशाही चित्त्यात एकच खोट.

आणि मग आपला वाघ. ओडिशातल्या सिमिलीपाल व्याघ्रप्रकल्पात काही वाघ जवळजवळ काळे दिसतात. त्यांना काळे वाघ म्हणतात, पण ते आमच्या भिंतीवरच्या मांजरीसारखे काळे नाहीत. त्यांचे पट्टे इतके रुंद झाले आहेत आणि एकमेकांत इतके मिसळले आहेत, की मधला पिवळा जवळपास बुजला. बंगळूरच्या राष्ट्रीय जैवविज्ञान केंद्रात उमा रामकृष्णन यांच्या गटाने या वाघांचा डीएनए वाचला आणि 2021 मध्ये उत्तर छापलं: टॅकपेप. त्या जनुकातलं एक अक्षर बदललं आहे, आणि दोन्ही प्रती तशा मिळाल्या की वाघ काळवंडतो. सिमिलीपालचे वाघ बाकीच्या जंगलांपासून तुटले आहेत, थोडे आहेत आणि आपापसांतच जुगतात. म्हणून जे बाहेर शोधून सापडत नाही ते तिथे वारंवार जन्माला येतं.

मांजर ही वाघाची मावशी, असं आपण म्हणत आलो. तिने भाच्याला सगळं शिकवलं, फक्त झाडावर चढायचं शिकवलं नाही, ही गोष्ट आपल्याकडे पोराटोरांना पाठ असते. या दोन घराण्यांचा समान पूर्वज सुमारे एक कोटी वर्षांपूर्वीचा. एवढ्या काळात अंगं कुठल्या कुठे गेली, पण पट्टे आखायची कामगिरी अजून एकाच जनुकाकडे आहे. नातं सांगणाऱ्याला इतक्या बारकाईने बरोबर असण्याची काही गरज नव्हती.

मावशीच्या वेटोळ्यांना फार जुना इतिहास नाही. पाळीव मांजर आली ती आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या रानमांजरीपासून, फेलिस लिबिका. ती बारीक रेघांची. ब्रिटिश म्युझियममध्ये नेबामून नावाच्या इजिप्शियन अधिकाऱ्याच्या थडग्यातलं भित्तिचित्र आहे, सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं. लव्हाळ्यांच्या गर्दीत एक मांजर एकाच वेळी तीन पक्षी धरते आहे. तिच्या अंगावर रेघा-ठिपके आहेत, वेटोळी नाहीत. 2017 मध्ये पुरातत्त्व उत्खननांतल्या दोनशेहून अधिक मांजरांच्या हाडांतला डीएनए वाचला गेला, तेव्हा बिघडलेलं टॅकपेप पहिल्यांदा दिसलं ते थेट चौदाव्या शतकात, तुर्की साम्राज्याच्या प्रदेशात. म्हणजे ज्ञानेश्वरी लिहून झाली तेव्हा वेटोळ्यांची मांजर जगात असलीच तर फार थोडी असेल. नंतर ती युरोपात एवढी पसरली की इंग्रजांना तीच अभिजात वाटू लागली. मी पुण्या-मुंबईच्या गल्ल्यांत बघतो त्या मांजरी मात्र बहुतेक रेघांच्या, ठिपक्यांच्या नाहीतर वाळूच्या रंगाच्या असतात.

तांबड्या मांजराचं प्रकरण वेगळं आहे. तांबडं मांजर सहसा बोका असतं, हे मांजर पाळणाऱ्या कोणत्याही घरात सांगतील. कारण हा रंग ठरवणारी जागा एक्स गुणसूत्रावर आहे. बोक्याकडे एक्स एकच. त्यावर तांबडा असला की बोका तांबडा. भाटीकडे दोन, तिला पूर्ण तांबडी व्हायला दोन्हीवर तो हवा. एकावर तांबडा आणि दुसऱ्यावर नाही, अशी भाटी झाली तर तिच्या अंगावर तांबडे आणि काळे डाग एकत्र दिसतात. त्यात पांढरा मिसळला की ती तिरंगी कबरी.

हे डाग कसे पडतात? मादीच्या प्रत्येक पेशीत दोन एक्सपैकी एकच चालू राहतो, दुसऱ्याची घडी घालून तो बाजूला ठेवला जातो. ती घडी पहिल्यांदा दिसली तीही मांजरीतच: 1949 मध्ये कॅनडात मरे बार आणि त्यांचा विद्यार्थी बर्ट्रम मांजरीच्या मज्जापेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघत होते, आणि त्यांना माद्यांच्या पेशींतच एक लहानसा गडद ठिपका दिसला. तो म्हणजे काय हे नंतर उलगडलं, आणि 1961 मध्ये मेरी लायन यांनी सगळं जुळवून दाखवलं. कोणत्या पेशीत कोणता एक्स घडी होणार हे गर्भातच चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं, आणि त्या पेशीची पुढची सगळी संतती तोच निर्णय पाळते. कबरीच्या अंगावरचा प्रत्येक डाग म्हणजे अशा एका चिठ्ठीचा वंश. म्हणून तिरंगी बोका अपवादाने सापडतो, बहुतेकदा एक जादा एक्स घेऊन आलेला. जपानी दर्यावर्दी त्याला शुभ मानत. 1956 मध्ये निघालेल्या त्यांच्या अंटार्क्टिक मोहिमेने असा एक तिरंगी बोका बरोबर नेला होता आणि मोहिमेच्या प्रमुखाचंच नाव, ताकेशी, त्याला दिलं होतं.

या चिठ्ठ्यांचा सर्वात झणझणीत पुरावा टेक्सासमध्ये मिळाला. तिथे रेनबो नावाच्या तिरंगी मांजरीपासून जगातली पहिली क्लोन मांजर 22 डिसेंबर 2001 रोजी जन्मली. जनुकं हुबेहूब तीच. नाव ठेवलं सीसी, कार्बन कॉपी. आणि तिच्या अंगावर तांबडा औषधालाही नव्हता. ती निघाली करडी पट्टेरी आणि पांढरी. ज्या पेशीपासून ती बनली तिच्यातला तांबड्याचा एक्स आधीच घडी झालेला होता. मेलेल्या लाडक्या मांजरीची नक्कल करून घेऊ पाहणाऱ्यांना आणखी काय सांगायला हवं?

तांबड्याचं जनुक मात्र कित्येक दशकं हुलकावणी देत राहिलं. 2025 मध्ये स्टॅनफर्डच्या आणि जपानमधल्या क्यूशू विद्यापीठाच्या गटांनी, स्वतंत्रपणे, एकाच वेळी ते पकडलं. एक्सवरच्या एआरएचजीएपी36 या जनुकापाशी सुमारे पाच हजार अक्षरांचा तुकडा गळाला आहे. एरवी रंगपेशीत झोपून असलेलं हे जनुक त्यामुळे जागं होतं आणि पेशीला काळं बनवूच देत नाही. अगौटीचा निरोप आला काय, न आला काय, पेशी तांबडंच देते. म्हणूनच नुसतं तांबडं, बिनपट्ट्याचं मांजर दिसत नाही: काळ्या मांजरीत ज्या बिघाडाने पट्टे झाकले गेले, तो बिघाड तांबड्यात कामच करत नाही, आणि फिकट तांबड्यावर गडद तांबडी आखणी उघडी राहते.

पांढऱ्याबद्दल थोडक्यात. पांढरा हा मांजरीचा रंगच नव्हे. तिथे रंगपेशी नसतात, इतकंच. या पेशी गर्भाच्या कण्याजवळ तयार होतात आणि तिथून अंगभर पसरतात. किट नावाच्या जनुकात विषाणूसारखा एक जुना तुकडा घुसला असेल, तर पेशी पुरेशा संख्येने वाढत नाहीत आणि दूरच्या जागा कोऱ्या राहतात: पंजे, छाती, पोट. म्हणून मोजे घातलेली मांजर दिसते, पण पांढरी पाठ आणि काळे पंजे अशी उलटी सापडायची नाही. कोऱ्या जागेतही कातडीला आखणी माहीत असते, फक्त शाई पोचत नाही. सयामी मांजरीत शाई असते पण ती थंडीतच उमटते. रंग बनवणारं तिचं विकर उबेत काम करत नाही, म्हणून कान, तोंड, पाय, शेपूट काळी आणि अंग दुधाळ. तिच्या पाठीवरचे केस भादरून तिला गार जागी ठेवलं तर तिथे नवे केस गडद येतात.

भिंतीवरच्या काळीला मागच्या वर्षी प्राणिमित्र घेऊन गेले, नसबंदीसाठी. तीन-चार दिवसांनी ती परत आली तेव्हा तिच्या डाव्या कानाचं टोक कापलेलं होतं आणि कुशीवर पोस्टकार्डाएवढा चौकोन भादरलेला, त्यातून राखाडी कातडी दिसत होती. ती आठवडाभर कोणाजवळ आली नाही. केस हळूहळू भरले. जानेवारीत ऊन तिरपं यायला लागलं तसा मी रोज बघत होतो. चौकोनात दोन रेघा होत्या, आणि वरच्या-खालच्या रेघांना त्या बरोबर जुळत होत्या.